दुसऱ्याच्या दुकानातून काय आणावे?



गेल्या महिन्यात एका विवाहसमारंभात भोजनानंतर तीन-चार तरुण व्यापारी माझ्याभोवती येऊन बसले. निवृत्त होऊन आठ वर्षे झाली, तरी ‘बँकवाले काका’ ही ओळख अद्याप पुसली गेलेली नाही. एकाचे हार्डवेअरचे दुकान, दुसऱ्याची औषधांची घाऊक पेढी, तिसऱ्याचा तयार कपड्यांचा व्यवसाय. तिघांच्याही मोबाइलमध्ये नामवंत उद्योजकांची भाषणे साठवलेली होती. विमान कंपन्या तिकिटांचे दर तासातासाला बदलतात, तसे आपणही बदलावेत, असे एकाचे मत. सुपरमार्केटसारखी मांडणी केली की गिऱ्हाईक आपोआप जास्त माल उचलते, असे दुसऱ्याचे. हार्डवेअरवाल्या तरुणाने मात्र सरळ प्रश्न केला, “काका, एका धंद्यातली युक्ती दुसऱ्या धंद्यात चालते की नाही, एवढेच सांगा.”

“चालते, आणि बुडवतेही,” एवढे बोलून मी वेळ मारून नेली. पूर्ण उत्तर द्यायचे तर माझ्या सेवाकाळातील एक चूक सांगावी लागली असती आणि लग्नाच्या मांडवात ती सांगावीशी वाटली नाही. आज येथे सांगतो.

तीन मजली दुकान

१९९० नंतरच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. गावात दोन भावांची कापडाची पेढी होती. तिसरी पिढी व्यवसायात, शब्दाला किंमत, आमच्या शाखेत एकही धनादेश कधी परत गेलेला नाही. थोरले भाऊ गादीवर बसत, धाकटे खरेदीसाठी सुरत, मालेगाव, इचलकरंजी असा प्रवास करीत. थोरल्यांचा मुलगा पदवी घेऊन पुण्यात राहिला होता. तेथे एका मोठ्या किराणा दुकानात त्याने दोन वर्षे काम केले आणि नवे विचार घेऊन तो घरी परतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : फळी रिकामी दिसता कामा नये, माल भरपूर दिसला की माल खपतो, नफा थोडा घ्यावा आणि विक्री वाढवावी.

किराणा मालाच्या बाबतीत यातील शब्दन्‌शब्द खरा होता. पुण्याच्या त्या दुकानात त्याने तो डोळ्यांनी पाहिलेला होता.

भर पेठेत तीन मजली दुकान उभे राहिले. इमारतीसाठी मुदत कर्ज, मालासाठी कॅश क्रेडिट, आणि दोन्हींना तारण म्हणून राहते घर गहाण. प्रकरण मीच तयार केले. घराणे सचोटीचे, मागील पाच वर्षांचे ताळेबंद स्वच्छ, तारण भक्कम. वरिष्ठ कार्यालयाने एकही शंका न काढता मंजुरी दिली, तेव्हा मला अभिमानच वाटला होता.

पहिली दिवाळी उत्तम गेली. दुसऱ्या दिवाळीला विक्री वाढली, पण मालाची खरेदी त्याहून अधिक वाढली. तिसऱ्या वर्षी अडचण दिसू लागली. साखरेचे पोते दोन महिने पडून राहिले तरी ती साखरच असते आणि तिला गिऱ्हाईक रोज येते. साडीचे तसे नाही. गेल्या दिवाळीला ज्या रंगाची, ज्या काठाची चलती होती, ती साडी या दिवाळीला कोणी हातात घेत नाही. तिन्ही मजल्यांवरच्या फळ्या भरलेल्या दिसत होत्या, पण त्यांतील अर्ध्याहून अधिक माल मागील दोन मोसमांचा होता.

येथे माझी चूक सांगतो. कॅश क्रेडिट खात्यात व्यापाऱ्याने किती रक्कम उचलावी हे त्याच्याजवळील मालाच्या किमतीवर ठरते. समजा दुकानात दहा लाखांचा, पैसे चुकते केलेला माल आहे आणि मार्जिन २५ टक्के आहे, तर साडेसात लाखांपर्यंत उचल करता येते. दर महिन्याला व्यापारी मालाचे पत्रक देतो आणि बँक त्यावरून मर्यादा काढते. आता पाहा, माल विकला गेला नाही तर पत्रकातील आकडा वाढतो. आकडा वाढला की उचल वाढते. म्हणजे धंदा जितका तुंबतो, तितके बँक अधिक पैसे देते. त्या पत्रकात प्रत्येक साडी खरेदीच्या किमतीला मांडलेली असे, मग बाजारात तिला निम्मी किंमत का येईना. मी तपासणीला जात असे, तागे मोजत असे, आकडा जुळला की सही करीत असे. माल किती आहे हे मी विचारले. तो केव्हापासून आहे हे एकदाही विचारले नाही.

शेवटी सुरतेच्या व्यापाऱ्यांना दिलेले धनादेश परत जाऊ लागले आणि त्यांनी उधारीवर माल देणे थांबवले. एके दिवशी दुपारी थोरले भाऊ माझ्या खोलीत येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, दुकानात तीस लाखांचा माल आहे आणि नातवाच्या शाळेची फी भरायला गल्ल्यात पैसे नाहीत. हे कसे झाले, ते तुम्ही तरी सांगा.”

मला सांगता आले नाही. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी आणि सतरा-अठरा वर्षांची नोकरी पाठीशी असूनही सांगता आले नाही.

मागाकडून मोटारीकडे

त्याचे उत्तर मला काही वर्षांनी बँकेच्या प्रशिक्षण वर्गात मिळाले, तेही एका मोटार कारखान्याच्या इतिहासातून. टोयोटा हे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. पण या घराण्याचा मूळ व्यवसाय मोटारींचा नव्हता, कापड विणण्याच्या यंत्रांचा होता. साकिची तोयोदा यांनी असा माग तयार केला, ज्यात धागा तुटताच माग आपोआप थांबे. त्यापूर्वी धागा तुटल्याचे विणकराच्या लक्षात येईपर्यंत सदोष कापड विणले जाई आणि म्हणून प्रत्येक मागाजवळ माणूस उभा ठेवावा लागे. माग स्वतःच थांबू लागल्यावर एकाच कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले. १९२४ सालच्या त्यांच्या स्वयंचलित मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतले. पुढे त्यांचे पुत्र किइचिरो यांनी मोटारींचा उद्योग सुरू केला आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली.

घराण्याने मागावरून मोटारीवर येताना काय आणले? माग आणला नाही, सूतही आणले नाही. चूक दिसताच काम थांबवायचे, ती दुरुस्त करायची आणि मगच पुढे जायचे, हा नियम आणला. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोष दिसल्यास दोरी ओढून काम थांबवण्याचा अधिकार असतो.

या कंपनीवर १९४९ साली मोठे संकट आले. महायुद्धानंतर जपानमध्ये चलनवाढ रोखण्यासाठी पतपुरवठा आवळला गेला, मोटारींची मागणी घटली आणि विकल्या गेलेल्या मोटारींचे पैसेही वेळेवर येईनात. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली. जपानच्या मध्यवर्ती बँकेच्या नागोया शाखेने पुढाकार घेऊन अनेक बँकांना एकत्र आणले आणि कर्ज उभे केले. पण त्या बँकांनी अटी घातल्या. विक्रीसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन करावी आणि ती जेवढ्या मोटारी विकू शकेल, तेवढ्याच कारखान्याने बनवाव्यात. १९५० साली तशी विक्री कंपनी निघाली. त्याच वर्षी दीर्घ संप झाला, दीड हजारांहून अधिक कामगारांना नोकरी सोडावी लागली आणि किइचिरो यांनी जबाबदारी स्वीकारून अध्यक्षपद सोडले. धडा फार महागात पडला.

प्रशिक्षण वर्गात हे ऐकत असताना मला आमच्या गावचे तीन मजली दुकान दिसत होते. जितके विकते तितकेच भरा, ही अट नागोयाच्या बँकवाल्यांनी घातली होती. माझ्या मंजुरीपत्रात अटी पुष्कळ होत्या. ही एक नव्हती.

पुढे याच कारखान्यातील तायची ओनो या अधिकाऱ्याने आणखी एका परक्या धंद्याकडे पाहिले. अमेरिकेत सुपरमार्केट नावाची दुकाने निघाल्याचे त्यांना कळले होते. तेथे गिऱ्हाईक स्वतः फळीवरून हवी ती वस्तू, हवी तेव्हा, हवी तेवढी उचलते, आणि दुकानदार तेवढीच जागा पुन्हा भरतो. ओनो यांनी हा विचार १९५३ साली आपल्या यंत्रशाळेत लागू केला आणि १९५६ साली अमेरिकेस गेले असता ती दुकाने प्रत्यक्ष पाहिली. त्यांच्या पद्धतीत पुढील विभाग हा गिऱ्हाईक आणि मागील विभाग हा दुकानदार. पुढच्याने सुट्या भागांची पेटी उचलली की तिच्यावरची चिठ्ठी मागे जाते. चिठ्ठी आली तरच मागचा विभाग नवे भाग बनवतो. चिठ्ठी नाही, तर काम नाही. या चिठ्ठीलाच जपानी भाषेत ‘कानबान’ म्हणतात.

आता तुलना करा. आमच्या तरुण मित्रानेही मोठे किराणा दुकान पाहिले आणि ओनो यांनीही पाहिले. आमच्या मित्राने भरलेली फळी पाहिली. ओनो यांनी ती फळी कशामुळे भरली जाते ते पाहिले.

खाद्य नको, पद्धत हवी

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आणि आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे आहे, कारण नेत्रशिबिरे भरवण्याचे कार्य आपल्या अनेक संस्था करीत आल्या आहेत. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अवघ्या ११ खाटांनी त्यांनी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. मोतीबिंदूने अंध झालेले लाखो लोक आणि हाताशी मोजके शस्त्रक्रियातज्ज्ञ, ही त्यांच्यापुढील अडचण होती. त्यांनी आदर्श म्हणून कोणाकडे पाहिले? अमेरिकेतील मॅकडोनाल्ड या खाद्यगृहाच्या साखळीकडे. तेथील खाद्य आपल्यातील बहुतेकांना वर्ज्यच आहे. डॉक्टरांनाही त्या पदार्थांशी कर्तव्य नव्हते. कोणत्याही गावी, कोणत्याही कामगाराच्या हातून तोच पदार्थ त्याच गुणवत्तेने आणि कमी खर्चात कसा तयार होतो, एवढेच त्यांना हवे होते.

त्यातून त्यांनी शस्त्रक्रियेच्या कामाची विभागणी केली. तपासणी, तयारी, नंतरची देखभाल ही कामे प्रशिक्षित मुली करतात. शस्त्रक्रियागृहात शेजारी शेजारी दोन टेबले असतात. एका रुग्णाची शस्त्रक्रिया संपते तेव्हा दुसऱ्या टेबलावरचा रुग्ण तयार असतो. तज्ज्ञाचा वेळ वाट पाहण्यात जात नाही. जे पैसे देऊ शकतात त्यांच्या शुल्कातून, जे देऊ शकत नाहीत त्यांच्यावर विनामूल्य उपचार होतात. रुग्णालयातील सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे शस्त्रक्रियातज्ज्ञाचे मिनिट, हे एकदा ओळखल्यावर बाकीची मांडणी त्याभोवती झाली.

प्रत्येक धंद्याचे घड्याळ वेगळे

मग परक्या धंद्यातील युक्ती आपल्याकडे केव्हा चालत नाही? याचे उत्तर आम्हा बँकवाल्यांना फार पूर्वी शिकवले गेले होते. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. टंडन हे हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष. साबण-तेलाच्या धंद्यातून ते बँकिंगकडे आले होते आणि त्या वेळी पंजाब नॅशनल बँकेचे अध्यक्ष होते. त्यांच्या गटाने १५ प्रमुख उद्योगांसाठी निरनिराळी मानके दिली : कोणत्या उद्योगात कच्चा माल किती काळ पुरेल इतका असावा, तयार माल किती, येणे किती. सर्वांना एकच माप त्यांनी लावले नाही. प्रत्येक धंद्यात रुपया घराबाहेर पडून परत येण्यास लागणारा काळ वेगळा असतो, हे त्यामागचे सूत्र होते. पुढे लघुउद्योगांसाठी नायक समितीच्या शिफारशीनुसार वार्षिक विक्रीच्या २० टक्के खेळते भांडवल बँकेने द्यावे असे ठरले. त्यातही गृहीत असे आहे की एकूण गरज विक्रीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे रुपया वर्षातून चार फेऱ्या मारतो, आणि उरलेले पाच टक्के मालकाने आपल्या पदरचे घालावेत.

एक साधे गणित करू. दहा लाखांचा माल असलेले कापडाचे दुकान आहे. खरेदीवर २५ टक्के नफा सुटतो आणि माल वर्षातून दोनदा फिरतो. ढोबळ नफा पाच लाख. शेजारी दहा लाखांच्याच मालाचे किराणा दुकान आहे. तेथे केवळ आठ टक्के सुटतात, पण माल वर्षातून बारा वेळा फिरतो. ढोबळ नफा नऊ लाख साठ हजार. किराणावाल्याला स्वस्त विकणे परवडते ते त्याच्या फेऱ्यांमुळे. आता कापडवाल्याने त्याचे पाहून नफा २५ वरून १० टक्क्यांवर आणला आणि फेऱ्या दोनच राहिल्या, तर हाती येतात दोन लाख. भाडे, पगार आणि व्याज यांतून द्यायचे. आमच्या तरुण मित्राने नेमके हेच केले होते. त्याने किराण्याचा भाव उचलला. किराण्याचा वेग त्याला उचलता आला नाही, कारण माणूस साखर दर महिन्याला घेतो आणि लग्नाचा शालू एकदाच.

एकाच धंद्यातही हे घडते. राधाकिशन दमाणी यांनी डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवई येथे काढले. दुकानाची जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराला पैसे बाजाराच्या रिवाजापेक्षा लवकर, त्यामुळे खरेदी स्वस्त, म्हणून विक्री स्वस्त, आणि म्हणून माल वेगाने फिरतो. कंपनीचे समभाग बाजारात आले ते २०१७ साली. तोवर पंधरा वर्षे घाई न करता त्यांनी दुकाने वाढवली. त्याआधी, १९९७ साली, चेन्नईत सुभिक्षा नावाची साखळी सुरू झाली होती. तीही स्वस्त विकत असे. मात्र २००८ पर्यंत तिची दुकाने देशभर सुमारे १६०० झाली, तीही कर्जाच्या बळावर. जगभर पतपुरवठा आटला आणि २००९ च्या आरंभी कर्मचाऱ्यांचे पगार, जागांची भाडी आणि पुरवठादारांची देणी थकून दुकाने बंद पडली. गिऱ्हाईक दोघांकडेही होते. एकाचा रुपया विस्तारापूर्वी घरी परत येत होता, दुसऱ्याचा येण्याआधीच पुढच्या दुकानात गुंतत होता.

आपल्या पेढीचे घड्याळ कसे पाहावे? माल सरासरी किती दिवस पडून राहतो, त्यात उधारी किती दिवसांनी वसूल होते ते मिळवावे, आणि आपण पुरवठादाराला किती दिवसांनी पैसे देतो ते वजा करावे. समजा माल १५० दिवस, उधारी १५ दिवस, देणे ४५ दिवस. तर १२० दिवस रुपया बाहेर असतो. रोजची खरेदी २० हजारांची असेल, तर २४ लाख रुपये सतत अडकलेले आहेत. १२ टक्के दराने त्यांचे वर्षाचे व्याज २ लाख ८८ हजार. मालाचे दिवस १५० वरून ९० वर आणता आले तर बाहेरचा काळ ६० दिवसांवर येतो, अडकलेली रक्कम १२ लाख होते आणि १ लाख ४४ हजार रुपये वाचतात. विक्री एक रुपयानेही वाढलेली नाही. येथे कोणी म्हणेल, पुरवठादाराचेच पैसे आणखी लांबवू. तो मार्ग धरू नये. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर ४५ दिवसांपलीकडे त्याचे पैसे अडवणे २००६ च्या कायद्याला मान्य नाही, आणि ज्याचे पैसे आपण अडवतो तो पुढच्या मोसमात चांगला माल आधी दुसऱ्याला दाखवतो.

माल कमीत कमी ठेवणे हा सर्वांसाठी एकच नियम आहे, असेही कृपया समजू नये. २०११ च्या भूकंपानंतर सुटे भाग मिळेनात, तेव्हा टोयोटाने स्वतःच्या पद्धतीतही बदल केला. ज्यांना पर्याय नाही अशा इलेक्ट्रॉनिक भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे असावा असे ठरवले, आणि दहा वर्षांनी जगात त्या भागांचा दुष्काळ पडला तेव्हा सुरुवातीला तिला इतरांच्या मानाने कमी झळ बसली. औषधाच्या पेढीवर जीवनावश्यक औषध संपलेले असणे हा दोषच आहे. कोणता माल किती दिवस ठेवावा हे सकारण ठरवता आले पाहिजे. ज्या साठ्याला कारण नाही, तो केवळ परिग्रह आहे, आणि त्याला परिमाण घालण्याची शिकवण आपल्याला कोणा परदेशी कारखान्याकडून घ्यावी लागत नाही.

त्या पेढीचे पुढे काय झाले

घर लिलावात गेले नाही, हे आधी सांगतो. वरचे दोन मजले भाड्याने दिले गेले. जुना माल खरेदीच्या निम्म्या किमतीत काढण्यास थोरले भाऊ तयार नव्हते. बापजाद्यांच्या पेढीवर तोट्याचा सौदा कधी झाला नव्हता. मार्ग काढला तो धाकट्या भावाच्या सुनेने. ती वाणिज्य शाखेची पदवीधर होती आणि तोवर दुकानाच्या पायऱ्याही क्वचितच चढली होती. तिने एका रविवारी सर्व माल खाली काढून प्रत्येक ताग्याला, प्रत्येक साडीला आल्याची तारीख घातलेली चिठ्ठी लावली. तीन महिन्यांपर्यंतच्या मालाला पांढरी, सहा महिन्यांपर्यंत पिवळी, त्यापुढे लाल. संध्याकाळी दुकानात लालच लाल दिसत होते. थोरले भाऊ बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “काढून टाका.”

त्यानंतर नियम झाला. वस्तू विकली की तिची चिठ्ठी फाडून पत्र्याच्या डब्यात टाकायची. रात्री चिठ्ठ्या मोजायच्या. धाकटे भाऊ सुरतेला जाताना त्या चिठ्ठ्यांची यादी घेऊन जात आणि साधारण तेवढीच खरेदी करीत. लाल चिठ्ठी दिसली की त्या आठवड्यातच भाव उतरवायचा. त्यासाठी कोणाला विचारावे लागत नसे. ओनो यांचे नाव त्या घरात कोणी ऐकलेले नव्हते, पण चिठ्ठी नाही तर खरेदी नाही आणि धागा तुटला की माग थांबवायचा, हे दोन्ही नियम तेथे लागू झाले होते.

किराण्याचा अनुभव घेऊन आलेल्या त्या मुलाला घरात कोणी दोष दिला नाही, याचे मला आजही कौतुक वाटते. चिठ्ठ्यांचा हिशेब पुढे तोच ठेवू लागला. सहा वर्षांत कर्ज फिटले. माझी तोवर बदली झाली होती. गहाणखत सुटल्यावर थोरल्या भावांचा दूरध्वनी आला आणि त्यांनी पेढे घेऊन कोठे यावे असे विचारले. मी म्हणालो, “शेठजी, पेढे तुमच्या सूनबाईंना द्या. माझ्याकडून तर तुमचे येणे आहे.” त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्यापुढे आलेल्या प्रत्येक मालाच्या पत्रकावर मी एक रकाना हाताने आखून घेतला : माल केव्हापासून.

लग्नातील त्या हार्डवेअरवाल्या तरुणाला आता पूर्ण उत्तर देतो. बाळा, दुसऱ्याच्या दुकानात अवश्य जा आणि डोळे उघडे ठेवून पाहा. तेथील एखादी गोष्ट आवडली, तर ती तेथे का चालते हे आधी विचार. त्यांचा रुपया किती दिवसांत घरी येतो आणि आपला किती दिवसांत, हे कागदावर मांड. त्यांच्या धंद्यातील सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती आणि आपल्या धंद्यातील कोणती, ते शोध. आणि ती युक्ती फसली, तर पहिला धागा तुटल्याचे आपल्याला कसे व कोणाकडून कळेल, याची व्यवस्था आधी करून ठेव. ही उत्तरे मिळाली तर युक्ती घे. मिळाली नाहीत, तर चहा घेऊन परत ये.

दिवाळी जवळ आली आहे. वहीपूजनाच्या आधीचा एक रविवार सर्व कुटुंबाने दुकानात घालवावा. सुना आणि मुलींनाही सोबत न्यावे. त्यांना ज्या गोष्टी दिसतात, त्या गादीवर बसून वर्षानुवर्षे दिसत नाहीत. प्रत्येक मालावर तारीख लिहा. नव्या वहीत पहिल्या पानावर नफ्याच्या आधी पडून राहिलेल्या मालाचा आकडा मांडा. तो लिहिताना हात थोडा जड होईल, पण तो आकडा बँकेच्या आधी आपल्याला ठाऊक असलेला बरा.